बुधवारी चटणी नाही

एक्कावन्न वर्षांच्या आयुष्यात मी सगळ्यात जास्त वेळा बोललेलं वाक्य कुठलं, तर "यात दाण्याचं कूट आहे का?" हे. त्यावर मिळणारी उत्तरं मला पाठ आहेत. "छे छे, अजिबात नाही." मग घास तोंडापाशी नेईस्तोवर, "म्हणजे आपलं नावाला, मिळून यावं म्हणून." एका लग्नात एक बाई म्हणाल्या होत्या, "कूट नाही हो, नुसती भरड आहे." आणि सगळ्यांचं लाडकं उत्तर म्हणजे "थोड्याने काय होतंय?"

थोड्याने काय होतं ते सांगते. ओठ सुजतात, अंगावर गांधी उठतात, घसा आवळत येतो, आणि वेळेवर मांडीत इंजेक्शन खुपसलं नाही तर माणूस जातं. शेंगदाण्यातली दोन-तीन प्रथिनं माझ्या शरीराला शत्रू वाटतात, आणि त्यांना हाकलायच्या नादात ते माझाच जीव घ्यायला उठतं. माझ्या सासूबाईंना ही नाटकं वाटायची. खात्री करून घ्यायला म्हणून त्यांनी एकदा काकडीच्या कोशिंबिरीत चमचाभर कूट घातलं. मी चार दिवस दवाखान्यात होते, आणि तिथून मुलीला घेऊन परस्पर माहेरी गेले. संसार कोशिंबिरीवरून मोडला असं सांगितलं की लोक हसतात, म्हणून मी सांगत नाही.

अशा बाईची बदली सोलापूरला व्हावी! या गावात पाणी मागितलं तरी बरोबर शेंगाचटणी येते. संक्रांतीला शेंगापोळ्या, आमटीत शेंगा, भरल्या वांग्यात शेंगा, आणि काहीच नसेल तर खिशात भाजक्या शेंगा. मी अकरा वर्षं इथे काढली. माझं काम वजनं-मापं तपासण्याचं. दुकानातला, बाजारातला प्रत्येक काटा आमच्यापुढे यावा लागतो. बरोबर असला की शिक्का, नसला की सील. लोकांना माहीत नसतं, पण शंभर टक्के बरोबर काटा जगात नसतो. प्रत्येक काट्याला थोडी चूक कायद्यानेच माफ असते. कागदावर तिचं नाव मोठं आहे, आम्ही तिला माफ चूक म्हणतो. ती माफ केली नाही तर एकही दुकान उघडं राहणार नाही.

दर बुधवारी आमचं शिबिर मार्केट यार्डात असे. पहिल्याच बुधवारी माझा डबा जीपमध्ये सांडला. समोर एक खानावळ होती, पत्र्याची, आठ टेबलांची. हमाल आणि ट्रकवाले जेवत होते. दारात उभ्या असलेल्या बाईंनी हाक मारली, "या की ओ मॅडम, उन्हात काय करलालाव?" मी सवयीने माझं वाक्य म्हटलं.

महानंदा कलशेट्टी, म्हणजे सगळ्या यार्डाच्या महानंदाक्का, त्यांनी पदराला हात पुसला आणि सरळ म्हणाल्या, "हाय की. आमटीत हाय, भाजीत हाय, चटणी तर शेंगाचीच. माझ्या हातालाबी हाय. तुमाला काय होतंय ते आधी सांगा."

मला उभ्या आयुष्यात इतकं खरं उत्तर कुणी दिलं नव्हतं. मी त्यांना सगळं सांगितलं. त्या दिवशी त्यांनी मला फक्त दोन केळी दिली, तीही साल न काढता.

पुढच्या बुधवारी मागच्या अंगणात एक वेगळी शेगडी मांडलेली होती. एक तवा, एक परात, एक पातेलं, एक पळी, आणि प्रत्येकाला ओळखू यावं म्हणून तांब्याच्या तारेचा वेढा. तेल करडईचं. माझी भाकरी थापायच्या आधी अक्का कोपरापर्यंत हात धुवायच्या, दोनदा. मला खिडकीजवळचं टेबल, चटणीचं भांडं पार दुसऱ्या टोकाला. मी आठवड्याचे सहा दिवस स्वतःच्या हातचं जेवत होते, प्रवासात डबा, लग्नात डबा, मुलीच्या पदवीदानाला डबा. बुधवारी मात्र मला कुणीतरी गरम भाकरी वाढायचं. या जगात तेवढी एकच जागा होती. तिची किंमत मला इतरांना समजावता येत नाही.

मग 'पारख' आली. तेव्हा मी सेहेचाळीस वर्षांची होते.

मनगटावर एक पट्टी, तिला ओढून काढता येणारा एक मणी. मणी अन्नाला टेकवायचा. त्याच्या आत काचेची चकती, आणि चकतीवर लाखो सूक्ष्म कुलपं बसवलेली. प्रत्येक कुलपाला एकच किल्ली लागते, शेंगदाण्याच्या प्रथिनाच्या आकाराची. किल्ली अडकली की चकतीतून वाहणारी वीज केसभर बदलते, आणि त्यावरून किती किल्ल्या अडकल्या ते मोजता येतं. दवाखान्यात डॉक्टरांच्या देखरेखीखाली मला कणाकणाने दाणा चारून माझी हद्द ठरवली गेली. एका दाण्याचा शंभरावा भाग. त्याच्या खाली हिरवा दिवा, वर लाल. आणि खाली बारीक अक्षरात आकडा. मला ते यंत्र पाहता क्षणी आवडलं, कारण त्याला माफ चूक कळत होती.

माझी मुलगी शर्वरी पुण्यात शिकत होती. ती मला एका हॉटेलात घेऊन गेली. मसालेभात आला, मणी टेकवला, हिरवा. मी जेवले आणि रडले. वेटरला वाटलं तिखट झालं.

सुख तीन वर्षं टिकलं. दुसरी कंपनी आली, तिचा मणी दहापट तल्लख. मग पहिलीने शंभरपट केला. पोहण्याच्या तलावात चिमूटभर कूट टाकलं तरी ओळखेल, अशी जाहिरात होती. मणी टेकवायचीही गरज उरली नाही, पट्टी हवेतलीच धूळ हुंगायची. त्यातच कुणाची तरी हद्द चुकीची ठरवली गेली म्हणून कुठेतरी खटला झाला, आणि विमावाल्यांनी हद्द नावाची भानगडच काढून टाकली. अंश म्हणजे अंश. आकडा गेला, रंग तेवढा राहिला. शिवाय लाल झालं की पट्टी आपणहून अन्नपारख मंडळाला कळवू लागली. ती काढून ठेवावी म्हटलं तर उपचाराचा विमा रद्द. आकडा नसलेला काटा कुणी माझ्यासमोर आणला असता, तर मी त्याला सील ठोकलं असतं आणि मालकाला दोन शब्द सुनावले असते.

सोलापुरात माझी नवी पट्टी कायमची लाल झाली. बसमध्ये लाल, कचेरीत लाल, बाथरूमच्या आरशासमोर लाल. पहिले पंधरा दिवस मी दर वेळी दचकले. मग बघायचं सोडलं.

हॉटेलवाल्यांनी आपला मार्ग शोधला. दारोदारी एकच पाटी लागली : 'पट्टीधारकांची क्षमा असावी.' आत जाऊन चाचणी करता यावी म्हणून ज्यांच्यासाठी यंत्र आलं, त्यांनाच दारातून परत. भीक नको पण कुत्रं आवर, म्हणतात ना, तशी गत झाली. मी परत डब्यावर आले. फक्त बुधवार शिल्लक होता. अक्कांनी पाटी लावली नव्हती.

सात बुधवार मी लाल पट्टी घालून तिथे जेवले, आणि सातही वेळा मला काही झालं नाही. आठव्या बुधवारी अक्का दारात नोटीस घेऊन उभ्या होत्या.

"मॅडम, तुमी तक्रार केलाव?"

"नाही हो अक्का."

"मग हितं तुमचं नाव कसं काय?"

तक्रारदार या शब्दापुढे माझं नाव होतं, मृणाल उपळेकर. सात लाल नोंदींची तक्रार यंत्राने आपोआप तयार केली होती. मी समजावलं. अक्कांनी मान हलवली, पण यार्डातली माणसं माझ्याकडे बघत होती ते मला दिसत होतं. काटे सील करणारी बाई. सरकारी माणूस. जिथे जेवली तिथेच.

मंडळाचे दोघे तपासणीला आले तेव्हा मी मुद्दाम हजर राहिले. त्यांनी यंत्र माझ्या तव्याला लावलं, लाल. फळीला, लाल. भिंतीला, सिद्धेश्वराच्या तसबिरीला, लाल. त्यातल्या तरुणाने गंमत म्हणून स्वतःच्या तळहाताला लावलं, तोही लाल. तो सोलापूरचाच होता. तरी नियम तो नियम. वेगळी म्हणून ठेवलेली जुनी भांडी मोडीत काढा, नवी कोरी आणा, मग खानावळ चालू ठेवा. तार गुंडाळलेला तवा माझ्या डोळ्यांदेखत भंगाराच्या हातगाडीवर गेला. अक्का त्याच्याकडे बघत राहिल्या.

पुढचा बुधवार.

माझं टेबल पुसलेलं. खिडकीतून अंगणातली शेगडी दिसत होती. तिच्यावर नवा तवा, करडा, अजून नीट काळा न झालेला. अक्का अर्धा कांदा काट्याला टोचून त्यावर फिरवत होत्या.

माझ्या ओठांवर ते वाक्य आलं होतं. अकरा वर्षं त्या खानावळीत मला ते विचारावं लागलं नव्हतं. आणि आज, माझ्यामुळे नोटीस आलेल्या बाईला, माझ्यामुळे भांडी फेकावी लागलेल्या बाईला, तोंड वर करून विचारायचं की तेल कुठलं? मला लाज वाटली. भीड भिकेची बहीण, असं माझी आई म्हणायची. मी विचारलं नाही. मनगटावर नजर गेली, लाल. ती तर नेहमीचीच.

पहिला घास छान लागला. तिसऱ्याला जिभेच्या टोकाला खाज आली. मला वाटलं मनाचे खेळ आहेत. पाचव्याला ओठ जड झाले आणि मला समजलं. पर्समधून इंजेक्शन काढलं, साडीवरूनच मांडीत खुपसलं. पुढचं तुकड्यातुकड्यांनी आठवतं. दोन हमालांनी मला उचललं. आमच्याच जीपमध्ये, प्रमाण वजनांच्या पेट्या सरकवून, मला आडवं केलं. अक्कांचा आवाज येत होता, "मॅडम, ओ मॅडम, डोळे उघडे ठेवा की ओ!" श्वास आत जात होता, पण एखाद्या सुईच्या भोकातून जावा तसा. मी मरणार आहे असं मला अगदी शांतपणे वाटलं, आणि त्यापेक्षा जास्त वाईट या गोष्टीचं वाटलं, की हे अक्कांच्या ताटावर होतंय.

दुसऱ्या दिवशी सकाळी शर्वरी पुण्याहून आली. तिने माझा सुजलेला चेहरा पाहिला आणि मिठी मारायच्या आधी भांडायला सुरुवात केली.

"आई, पट्टी लाल होती ना? मग जेवलीस कशाला?"

"नवी पट्टी आल्यापासून लालच आहे गं. आत्ताही लाल आहे, बघ."

तिने पाहिलं. दवाखान्याच्या चादरीवर, सलाईनच्या नळीशेजारी, लाल. तिने चादर ओढून पट्टीवर घातली.

अक्का पहाटेपासून बाहेरच्या बाकावर बसून होत्या. आत बोलावलं तर दाराशीच थबकल्या, माझ्या कॉटपासून चार हात लांब, हात पदरात लपवून. डॉक्टर म्हणाले, "तेल असावं. कारखान्यातलं शुद्ध केलेलं तेल सहसा बाधत नाही, प्रथिनं निघून गेलेली असतात. पण घाण्याच्या तेलात गाळ राहतो, त्यात असतात."

"मी मॅडमला शेंगाचं तेल कधी दिलंच न्हाई," अक्का म्हणाल्या. "अकरा वर्षं करडई. देवाशप्पत."

"मग तव्याला काय लावलंत?" मी विचारलं. विचारायला एक दिवस उशीर झाला होता.

अक्कांनी पदरातले हात बाहेर काढून त्यांच्याकडे पाहिलं. "नवा तवा भाकरी धरून ठेवतो ओ. सासूबाईनं शिकवलेलं, नव्या लोखंडाला पयलं तेल घाण्यावरच्या शेंगाचं. हळदकुंकू लावायचं आन् तेल पाजायचं. कांद्यानं तेच फिरवत हुते." त्यांचा आवाज फुटला. "पर ते तेल तव्याला हुतं ओ मॅडम. तुमाला न्हवतं."

शर्वरीला संताप आला. मला आला नाही. मला फक्त फार थकल्यासारखं झालं. जुना तवा अकरा वर्षांत काळा कुळकुळीत झाला होता, त्याला तेल लागतच नव्हतं. तो लाल दाखवत होता आणि मला जेवू घालत होता. नवाही लालच दाखवत होता.

दुपारी मंडळाचा फॉर्म आला. त्यात प्रश्न एकच होता. विक्रेत्याकडून चूक झाली का? होय किंवा नाही. होय लिहिलं तर खानावळ चाळीस दिवस बंद, आणि उघडल्यावर दारात पाटी लावणं सक्तीचं. म्हणजे माझा बुधवार संपला. नाही लिहिलं तर कुणाला काही कळणार नव्हतं. पट्टीच्या नोंदीत तो बुधवार बाकीच्यांसारखाच लाल होता.

"होय लिही," शर्वरी म्हणाली. "थोडक्यात वाचलीस तू. पुढच्या वेळी नाही वाचणार."

मी पेन हातात घेऊन बसले. नाही लिहायची मला फार इच्छा होती, ते लपवत नाही. माझ्यासाठीच. पण अकरा वर्षांपूर्वी मी एक प्रश्न विचारला होता, आणि या बाईने गिऱ्हाईक जाईल म्हणून खोटं न बोलता 'हाय की' म्हटलं होतं. त्या एका शब्दावर मी तिच्या हातचं जेवत आले. आता मी 'नाही' लिहिलं, तर पुढे मी विचारलेल्याला आणि तिने दिलेल्या उत्तराला काय किंमत राहणार होती?

अक्काच म्हणाल्या, "होय लिवा मॅडम. झालीय चूक."

मी होय वर खूण केली. खाली जागा नव्हती म्हणून मागच्या कोऱ्या बाजूला लिहिलं : नव्या तव्याला घाण्याचं शेंगतेल लावलं गेलं. जुना तवा निर्धोक होता, तो मंडळाच्या आदेशाने टाकावा लागला. माझी पट्टी त्या दिवशी लाल होती, तशी ती रोजच असते, म्हणून तिचा उपयोग झाला नाही. आणि मी तेल कुठलं हे विचारलं नाही. ही माझी चूक. मग सही केली. मागची बाजू कुणी वाचली की नाही, मला माहीत नाही. उत्तर आलं ते खानावळ बंद करण्याच्या आदेशाचंच.

त्या चाळीस दिवसांत मी पट्टी परत केली. तीन कागदांवर सह्या घेतल्या माझ्याकडून, यापुढे काहीही झालं तर जबाबदारी माझी म्हणून. शर्वरी आठ दिवस माझ्याशी बोलली नाही. नवव्या दिवशी तिने दोनऐवजी चार इंजेक्शनं कुरियरने पाठवली, चिठ्ठी न घालता.

खानावळ उघडल्यावर पहिल्याच बुधवारी मी शिबिर आटोपून समोर गेले. दारात ती पाटी होती, 'पट्टीधारकांची क्षमा असावी'. तिच्याखाली खडूने, अक्कांच्या अक्षरात, दुसरी ओळ : 'बुधवारी शेंगाचटणी नाही. मागू नये.'

मी दोनदा वाचली. सोलापुरात, मार्केट यार्डात, हमालांच्या खानावळीत.

अक्का बाहेर आल्या. त्यांची नजर माझ्या मनगटाकडे गेली. तिथे आता नुसता पांढरा पट्टा उमटलेला होता.

"या," त्या म्हणाल्या. "पर आज आत यायच्या आधी विचारा. मोठ्यानं विचारा. दर बुधवारी विचारायचं. मला राग येणार न्हाई."

सगळी टेबलं भरलेली होती. मी उंबऱ्यात उभी राहून विचारलं, "तवा कुठला?"

"नवाच. घासून, जाळून, परत पाजलाय."

"तेल?"

"करडई."

"कांदा फिरवायचा काटा?"

"वेगळा. तार गुंडाळलीय."

"सकाळपासून हात कशाकशात होते?"

"कणकीत, डाळीत, भाजीत. शेंगा आज घरातच न्हाईत. कूटबी न्हाई." त्यांनी हात पुढे केले, जसे काही मी त्यांवर शिक्काच मारणार होते.

मी खिडकीपाशी बसले आणि इंजेक्शनं टेबलावर काढून ठेवली. अक्कांनी एक उचललं. "हे कसं टोचायचं ते दावा आधी. मग वाढते." मी टोपण कुठलं, मांडीचा भाग कुठला, किती मोजायचं, ते दाखवलं. त्यांनी तीनदा माझ्याकडून वदवून घेतलं आणि दोनदा स्वतः म्हणून दाखवलं. मग भाकरी आली, वाफाळती, बरोबर डाळ.

मला भीती वाटत होती. पट्टी असताना वाटायची त्यापेक्षा जास्त. पहिला घास मी हातात कितीतरी वेळ धरून बसले, मग तोंडात टाकला.

अक्का स्टूल ओढून माझ्यासमोर बसल्या, इंजेक्शन मुठीत धरून, नजर माझ्या ओठांवर. पलीकडून एक ट्रकवाला ओरडला, "अक्का, चटणीबिगर भाकरी कशी खायाची ओ? आन् वाढायला तरी या की!"

"बुधवारी न्हाई म्हंजे न्हाई, बोर्ड वाचा," अक्का मान न वळवता म्हणाल्या. "आन् वाढायला अर्ध्या तासानं येते."

अर्धा तास त्या तिथून हलल्या नाहीत. मी दोन भाकरी खाल्ल्या.